मनाची गोळी आणि डॉक्टरवहिनी

मला शुगर निघाली तेव्हा आमच्या चेन्नईच्या मराठी मंडळात माझा भाव एकदम वधारला. थट्टा नाही करत मी. इतकी वर्षं मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारी मी, आणि जिने कधी माझ्याकडे धड पाहिलंही नव्हतं अशी एक बाई स्वतः खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. "किती निघाली हो? उपाशीपोटीची सांगा." मी आकडा सांगितला. "हात्तिच्या! एवढीच? माझी ऐका," म्हणाली आणि तिने तिचा आकडा असा सांगितला, जसे पोराचे दहावीचे मार्क सांगतात. मग मेथीचे दाणे झाले, जांभळाच्या बियांची पूड झाली, कारल्याचा रस झाला. निघताना कित्येकींचे फोन नंबर माझ्या मोबाइलमध्ये आले होते.

या गावात शुगरची लाज कुणालाच नाही. कॉफीच्या दुकानात नुसतं ‘विदाउट’ म्हणायचं, की बिनसाखरेची कॉफी समोर येते. कुणाच्या घरी गेलं तरी कॉफीचं डिकॉक्शन ओतण्याआधी ‘शुगर आहे का?’ विचारतात, आपण पाणी हवं का विचारावं तसं. तेव्हा शुगर ही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट. पण माझी आणखी एक गोळी चालू होती, शुगरच्याही आधीपासून, आणि ती मात्र कुणाला सांगायची नव्हती. ती मनाची होती.

ती लपवायची, हे ठरवलं आमच्या ह्यांनी. त्यांच्याबद्दल आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. हे संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. आलेला माल उलटसुलट बघायचा, पास करायचा, नाहीतर रिजेक्ट. रिटायर झाले पण सवय गेली नाही. भेंडीचं टोक मोडून पास, नारळ कानाशी हलवून पास, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा उभं करून सील तपासणार. एकदा मी वैतागून विचारलं होतं, "मला कसं पास केलंत हो?" तर म्हणाले, "एकच नग दाखवला होता, काय करणार?"

जन्मभर मशिनींच्या खडखडाटात काढल्यामुळे ह्यांना ऐकायला कमी येतं, आणि स्वतःचा आवाजही कळत नाही. हळू बोलणं म्हणजे काय, ते ह्यांच्या गावीच नाही. ह्यांनी माझ्या कानात सांगितलेली गोष्ट खालच्या वॉचमनला पाठ असते. फोनवरची अक्षरंसुद्धा एवढी मोठी करून ठेवलेली, की गाडीच्या डब्यातल्या सगळ्यांनी वाचावीत. आणि असा माणूस म्हणतो, गुपित ठेवू. कर्म माझं!

आणि मी? मी मुळात भांडकुदळ. आई म्हणायची, हिला गप्प बसायचे पैसे दिले तरी ही ते मोजताना भांडेल. आमच्या घरात भांडण हे हवापाण्यासारखं. सकाळी ओल्या टॉवेलवरून, दुपारी पंख्याच्या वेगावरून, संध्याकाळी टीव्हीवरून. त्यात राग फारसा नसतो. तो आमचा बोलण्याचा प्रकार आहे.

हे रिटायर झाले, कारखान्याचं क्वार्टर सुटलं आणि आम्ही वेलचेरीला फ्लॅट घेऊन राहिलो. घराला मी नाव ठेवणार नाही. पावसाळ्यात खाली पार्किंगमध्ये पाणी भरतं, पण ते सगळ्या वेलचेरीत भरतं. मुलगा सिरुसेरीला कंपनीत, तिकडेच जवळ राहतो, सून गुणी. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. आणि तरी सकाळी डोळा उघडला की वाटायचं, कशाला उघडला?

कारण नसलेलं दुःख फार वाईट. कारण असलं की चार माणसं येतात, पाठीवर हात ठेवतात, पिठलंभात करून घालतात. कारण नसलं की विचारतात, "तुला काय कमी आहे?" मला काहीच कमी नव्हतं, आणि मला काहीच नको होतं. अंघोळ नको, फोन नको, माणूस नको. एकदा मी ओट्याजवळ उभी होते आणि डोळ्यांदेखत दूध उतू गेलं. हे ओरडले, "अगं, दूध!" मी म्हटलं, "हो." आणि बघत राहिले. ते शेगडीवरून, ओट्यावरून, खाली माझ्या पायापर्यंत आलं. ह्यांनी गॅस बंद केला, फडकं घेतलं, खाली बसून माझे पाय पुसले. पुसलेलाच पाय परत पुसत राहिले. बत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

मग ह्यांनी मनाची डॉक्टर शोधली, अड्यारला. मुद्दाम तमिळ शोधली. "आपल्यातली नको," म्हणाले, "चेन्नईत आपली माणसं ती किती? सकाळी सांगितलं की दुपारी मंडळात पोचतं. झाकली मूठ सव्वा लाखाची." आता माझी तमिळ म्हणजे बाजारातली. वांगी किती, दोडका कोवळा आहे का, सुटे नाहीत, एवढं फाडफाड येतं. मनाचं काही सांगायचे शब्दच कधी लागले नव्हते. डॉक्टरबाई समोर बसल्या होत्या, माझ्याहून थोड्याच लहान, कपाळाला विभूतीची बारीक रेघ. मी नुसतं म्हटलं, "मनसु सरि इल्ल." मन बरोबर नाही. का, असं त्यांनी विचारलं नाही. तुम्हाला काय कमी आहे, हेही नाही. "सरि पण्णिडलाम," म्हणाल्या, बरोबर करून टाकू. मला तिथेच रडू फुटलं.

गोळीने एका रात्रीत काही झालं नाही. पण महिना-दीड महिन्याने एका सकाळी मी पलंगावर ओला टॉवेल पाहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, हा काय धोबीघाट आहे का? किती वेळा सांगायचं, किती वेळा?" हे टॉवेल उचलायचं सोडून दारातच उभे. डोळे भरून आले होते. "आणखी ओरड," म्हणाले.

तर अशी ती गोळी. तिने मला परत आणून दिलं, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण तिच्याबरोबर भूकही परत आली, आणि कशी! संध्याकाळी मसाला डोसा समोर आला की मी चटणीचा थेंबही सोडायची नाही. ब्लाउजच्या शिवणी उसवल्या, जिन्यात धाप लागायला लागली. अड्यारच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, वजनावर नजर ठेवा, अधूनमधून शुगर बघत जा, चालत जा. आम्ही मान हलवली आणि बाहेर पडून कोपऱ्यावर गरम बज्जी खाल्ली. इतक्या दिवसांनी बायको आवडीने खातेय म्हणून हेच मला आग्रह करकरून वाढायचे. त्यांचं तरी काय चुकलं?

बाकीच्या दुखण्यांसाठी आमच्या डॉक्टरवहिनी. त्या चांगल्या शिकलेल्या, हाताला गुण असलेल्या डॉक्टर. पण मंडळात पहिल्यांदा आल्या त्या आमच्यातल्या एकाची नवी नवरी म्हणून, त्यामुळे वहिनीच राहिल्या. दवाखाना टी. नगरला, साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत, वरच्या मजल्यावर. तिथे तपासणार, आणि संध्याकाळी मंडळात त्याच हाताने श्रीखंड वाढणार. त्या मला वहिनी म्हणतात आणि मी त्यांना. त्यांनी विचारलं होतं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" माझं तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "व्हिटॅमिन." आणि खरंच घरी ह्यांनी माझ्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवल्या होत्या. जन्मभर लोकांनी लपवलेला दोष शोधून काढणारा माणूस!

मग शुगर निघाली. डॉक्टरवहिनींनी औषध दिलं, पथ्य दिलं, आणि ह्यांनी त्याची अंमलबजावणी हातात घेतली. बाई गं, काय तो जाच! भात वाटीने, बटाटा रिजेक्ट, केळं रिजेक्ट, शेजारून आलेला गुळाचा चक्करपोंगल दारातूनच परत. मला म्हणायचे, "आपण पोळी खाणारी माणसं. आपल्याला ही शुगर या भातानेच झाली." इथल्या मराठी घरांत सगळेच असं म्हणतात, काही झालं की भातावर ढकलायचं. रोज संध्याकाळी मला बिल्डिंगभोवती फिरवायचे, मी दम खायला थांबले की मागून, "चल, चल, मशीन गरम आहे तोवर." मी शिव्या घालत चालायची. खरं सांगते, मला ते आवडायचं.

पण वजन हलेना आणि शुगर उतरेना. डॉक्टरवहिनींनी औषध वाढवलं. तरी तेच. एकदा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वहिनी, तुम्ही चोरून काय खाता ते मला सांगा. डॉक्टरपासून आणि वकिलापासून लपवू नये." माझा संताप झाला. एक शेंगदाण्याची चिक्की मी महिन्याभरात खाल्ली नव्हती हो! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. रोग रेड्याला नि औषध पखालीला, असं आमचं चाललं होतं, आणि रेडा कोण ते डॉक्टरलाच सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी आम्ही लोकल गाडीने मैलापूरला निघालो होतो. दुपारची गाडी, डबा जवळजवळ रिकामा. हे फोन वाचत होते आणि मी शेजारी बसून न वाकता, न चोरता, सगळं वाचू शकत होते. एवढाली ती अक्षरं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं, मधुमेहाचा धोका वाढू शकतो. ह्यांनी ते वाचलं, वर नेलं, परत वाचलं. मग फोन खिशात ठेवला आणि खिडकीतून खालच्या कालव्याकडे बघत बसले.

"काय वाचत होतात?"

"क्रिकेट."

मला माहीत होतं ह्यांना काय दिसत होतं. ह्यांच्या आईला शुगर होती. आधी डोळे गेले, मग पायाला जखम झाली आणि ती भरेचना. ड्यूटीवर जायच्या आधी रोज सकाळी हे स्वतः ती जखम धुवायचे, पट्टी बांधायचे, शेवटपर्यंत. शुगर म्हटलं की जगाला आकडा दिसतो, ह्यांना तो पाय दिसतो. आणि आता ती शुगर बायकोला, आणि कदाचित ज्या गोळीने बायको परत मिळाली त्याच गोळीमुळे. गोळी बंद कर म्हणावं तर ते उतू गेलेलं दूध, चालू ठेव म्हणावं तर तो पाय. मला म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. मला त्यांची इतकी माया आली त्या गाडीत. आणि मी ठरवलं की ह्यांना म्हणायला लागूच नये.

मी ठणठणीत आहे आता, असं मी स्वतःला समजावलं. गोळी रोज जेवणानंतर हेच हातावर द्यायचे. मी ती गालात धरायची, पाणी प्यायची आणि बाल्कनीत जाऊन कढीपत्त्याच्या कुंडीत टाकायची. त्या कढीपत्त्याला पुढच्या सात पिढ्या नैराश्य यायचं नाही.

पहिले काही दिवस डोकं गरगरायचं. मान वळवली की डोक्यात झटका बसल्यासारखं व्हायचं, झोप तुटक, उगाच रडू. मी म्हटलं, जाईल. ते गेलं, आणि त्याच्या मागोमाग ते जुनं आलं. सकाळी डोळा उघडला की, कशाला उघडला? मला कळत होतं, पण परत फिरायचं बळ नव्हतं. आणि त्यात दुष्काळात तेरावा महिना, शुगर तपासली तर तीही कमी झालेली नव्हती.

ह्यांच्या ध्यानात कसं आलं ठाऊक आहे? मी भांडेनाशी झाले. आधी ह्यांनी ओला टॉवेल पलंगावर टाकून पाहिला. मी उचलून वाळत घातला. मग एकदा जेवताना म्हणाले, "पुरणपोळी काय ती आमच्या ताईची, तशी तुला कधी जमलीच नाही." एरवी यावर मी आठवडा काढला असता. मी म्हटलं, "खरंय." एकदा तर चक्क किडकी वांगी घेऊन आले. ह्यांनी, किडकी! माझ्यासमोर ओट्यावर ओतली आणि उभे राहिले. मी चिरायला घेतली. तेव्हा ह्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

"गोळी घेतेस ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही गाडीत क्रिकेट वाचलंत तेव्हापासून."

मला वाटलं, चिडतील. चिडले नाहीत. खाली स्टुलावर बसले आणि ती किडकी वांगी एकेक करून पिशवीत परत भरायला लागले.

अड्यारच्या डॉक्टरबाई लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या होत्या. दवाखान्यातली मुलगी फोनवर म्हणाली, मेसेज पाठवून ठेवते. त्या दिवशी रविवार, संक्रांत नुकतीच झालेली. डॉक्टरवहिनींचा दवाखाना बंद, फोन उचलत नव्हत्या. उचलणार कशा? टी. नगरला मंडळाचं हळदीकुंकू होतं. ह्यांनी मुलाला बोलावून माझ्यापाशी बसवलं, शर्ट बदलला आणि "आलोच" म्हणून बाहेर पडले. पुढचं मी पाहिलेलं नाही. ते मला डॉक्टरवहिनींनी पुष्कळ दिवसांनी, मी बरी झाल्यावर सांगितलं.

पोंगलच्या सुट्टीची ती गर्दी, त्यात बसमध्ये उभं राहून हे तिथे पोचले. हॉलभर काळ्या साड्या, मोगऱ्याचे गजरे, तिळगुळाच्या वड्या, वाणाच्या डब्यांचा ढीग, आणि बायकांचा कलकलाट. हळदीकुंकवाला पुरुषाचं काय काम? हे दारात उभे, घामाने निथळलेले. कुणीतरी म्हणालं, "भाऊजी, वाट चुकलात का?" कुणी हातावर तिळगूळ ठेवला. ह्यांनी तो खाल्ला नाही, मुठीत धरला आणि बायकांमधून वाट काढत सरळ डॉक्टरवहिनींपाशी गेले. त्या कुणाला तरी कुंकू लावत होत्या. हे त्यांच्या कानाशी वाकले, तोंडावर आडवा हात धरला, आणि ह्यांच्या मते अगदी हळूच बोलले.

"वहिनी, हिला मनाचा आजार आहे. गोळी चालू होती. ते व्हिटॅमिन नव्हतं, मीच खोटं सांगितलं, तिचा दोष नाही. आता शुगरला भिऊन तिने गोळी बंद केली आहे. ती बोलत नाही, वहिनी. माझ्याशी भांडत नाही. मला काही सुचत नाही. तुम्ही काहीही करा, पण तिला माझ्याशी भांडायला लावा."

अख्ख्या हॉलने ऐकलं. डॉक्टरवहिनी म्हणाल्या, "वहिनी, पहिल्या वाक्यालाच सगळ्या गप्प झाल्या हो. कुणी हसलं नाही. एकीच्या हातात अत्तराची कुपी तशीच राहिली." आणि मग काय झालं असेल? ती उपाशीपोटीची शुगर विचारणारी बाई, तीच, एकदम उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "चला गं, नाव घ्या कुणीतरी, किती वेळ नुसत्या बसल्या आहात!" आणि एकीने खणखणीत आवाजात नवऱ्याचं नाव घेतलं, बाकीच्यांनी हसून टाळ्या पिटल्या, परत कलकलाट सुरू झाला. हे मान वर करून पाहतात तर सगळ्या बायका आपापल्या नादात. आपलं बोलणं कुणाच्या कानावर गेलं असेल अशी शंकासुद्धा ह्यांना आली नाही.

डॉक्टरवहिनी तशाच काळ्या साडीत, गजऱ्यानिशी ह्यांच्याबरोबर घरी आल्या. माझ्या पलंगावर बसल्या, नाडी पाहिली, बोटाला सुई टोचून शुगर पाहिली. मग माझा हात हातात धरून मला अशा रागावल्या की काय सांगू. "शुगर मी बघते वहिनी, शुगरला माझ्यापाशी पुष्कळ औषधं आहेत. पण ही गोळी कुणी अशी आपल्या मनाने तोडतं का? कमी करायची तर हळूहळू करतात, बदलायची तर विचारून बदलतात. आणि सगळं एकट्या गोळीवर ढकलू नका. तिने हातभार लावला असेल. पण वय आहे, वजन आहे, तुमच्या वडिलांनाही होती ना? आणि मन असं पडलं की शुगर तशीही चढते. तुम्ही गोळी टाकून दोन्ही घालवायला निघाला होतात." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "मला सांगितलं का नाही? मी काय मंडळाच्या फळ्यावर लिहिणार होते? तिळगूळ वाटते ती वहिनी वेगळी, आणि डॉक्टर वेगळी." हे भिंतीला टेकून उभे होते. "चूक माझी," म्हणाले.

तेवढ्यात अमेरिकेतून फोन आलाच. माझ्या दोन डॉक्टर, ज्यांनी एकमेकींचं नावही ऐकलं नव्हतं, माझ्या पलंगावरून तमिळमध्ये बोलायला लागल्या. कोणती गोळी, किती, कधीपासून, शुगरचे आकडे काय. पुढे तिकडे झालेल्या नातवाचं वजनही विचारून झालं. मला उठून बसायचं त्राण नव्हतं, पण इतके दिवस दोन वेगवेगळ्या फाइलींत राहणारी मी त्या दिवशी एक बाई झाले. दोघींनी ठरवून गोळी परत सुरू केली, आणि पुढे डॉक्टरबाई परत आल्यावर त्यांनी ती हळूहळू बदलली, वजनाला कमी त्रास देणारी दिली. शुगरचं औषधही बदललं.

बरं वाटायला पाडवा उजाडला. शुगर गेलेली नाही, ती कुठे जाते? पण ताब्यात आहे. मन ताब्यात आहे. भांडणं पूर्ववत चालू आहेत.

त्यानंतर मला मंडळातल्या बायकांचे फोन यायला लागले. एकीला अड्यारच्या डॉक्टरबाईंचा पत्ता हवा होता, "माझ्यासाठी नाही हं, नणंदेसाठी." दुसरीला कुणा ओळखीच्या बाईसाठी हवा होता. आणि त्या उपाशीपोटीच्या बाईने तर आडपडदाच ठेवला नाही. "मी कित्येक वर्षं घेते ती गोळी," म्हणाली, "सुनेलासुद्धा माहीत नाही. भाऊजी बोलले तेव्हा मला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं." घरोघरी मातीच्या चुली, आणि आम्ही आपली आमचीच झाकत बसलो होतो. पण या सगळ्या बायकांनी एक गोष्ट मात्र न ठरवता ठरवली. ह्यांना कुणी काही बोललं नाही, एका शब्दाने नाही. ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून आम्ही घाबरत होतो, त्याच या बायका!

परवा आम्ही संध्याकाळचे गच्चीवर फिरत होतो. हे थांबले, इकडेतिकडे पाहिलं, माझ्याजवळ सरकले.

"अगं, एक सांगायचं होतं," म्हणाले. "त्या दिवशी हॉलवर मी वहिनींच्या अगदी कानात सांगितलं. एवढ्या बायका होत्या, पण एकीला पत्ता लागू दिला नाही. तुझ्याबद्दल कुणी काही वेडंवाकडं बोललेलं मला चालणार नाही. तू निर्धास्त राहा."

पलीकडे कपडे काढणाऱ्या दोन बायकांनी वळून पाहिलं. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. सगळ्यांना ठाऊक आहे, आणि फार बरं झालं ठाऊक आहे ते, आणि तुमच्यासारखा बडबड्या मी जन्मात पाहिला नाही. भांडायला याहून चांगला विषय मिळाला नसता. पण हे माझ्याकडे इतक्या भरवशाने बघत होते, जन्मात एक गोष्ट अगदी नीट पार पाडल्यासारखे.

"माहीत आहे मला," मी म्हटलं, आणि त्यांचा हात धरला. "तुमच्याइतकं हळू कुणालाच बोलता येत नाही."